पाणी न पिणारी पट्टी

१

लाल पाणी पट्टीवर पडलं आणि तिथंच बसून राहिलं.

डॉक्टर गावितांनी पिचकारी आणखी जवळ नेऊन पुन्हा दाबली. पाण्याचा गोळा फुगला, थरथरला आणि पट्टीच्या कडेवरून घरंगळत टेबलावरच्या चादरीवर उतरला. चादर बिचारी सुती, तिनं ते निमूट पिऊन टाकलं. जिचं पिण्याचं काम होतं ती पट्टी मात्र कोरडी ठणठणीत.

दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. तोच प्रकार. जव्हारच्या त्या सभागृहात खुर्च्या करकरायच्याही थांबल्या.

पट्टी अंबाडीची होती, जामसरच्या शेडात तिथल्या बायकांनी केलेली. बांधावरची अंबाडी कापायची, कुजवून तिचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, काढायचा, तो सोड्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा, पिंजायचा आणि त्याची मऊ गादी दोन जाळीच्या कापडांत घालून कडांना मशीननं सील मारायचं. जखमेतून जे वाहतं ते या गादीनं ओढून घ्यायचं. रक्त खारट असतं म्हणून परीक्षेचं पाणीही मिठाचं, लाल रंग घातलेलं. डॉक्टर गावितांच्या समितीनं होकार दिला तर तालुक्यातल्या दवाखान्यांना जखमेच्या पट्ट्या आणि बाळंतिणींची पॅडं जामसरहून जाणार होती. होकार नाही दिला तर शेड बंद होणार, आणि दिवाळी झाली की या बायका दरवर्षीसारख्या पोराबाळांसकट वीटभट्टीच्या ट्रकमध्ये चढणार. मधला रस्ता नव्हता.

हा सगळा उद्योग रंजना भोये यांचा. सगळी नोकरी मोखाड्याच्या बाजूला सिस्टर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, हिनं कारखाना काढला. नजर अशी की पेशंट दारातून आत आला की चालण्यावरून ती दुखणं सांगायची, आणि तोंड असं की डॉक्टरही तिच्याशी जपून बोलायचे.

पण पट्टी घडवली ती योगितानं. जामसरचीच पोर. लहानपणी उकळत्या पेजेनं तिचा दंड भाजला तेव्हा रंजनानंच रोज तिची जखम बांधली होती. त्या काळी बांधायला होत्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. चिंधी जखमेला चिकटायची, सोडवताना कातडी घेऊन यायची आणि पोर किंचाळायची. पुढं रंजनानं तिला शिकवलं, मुंबईला पाठवलं, ती कापडशास्त्राची पदवी घेऊन परत आली आणि म्हणाली, "बाई, न चिकटणारी पट्टी करू या." पोटचं मूल नसलेल्या बाईला यापेक्षा काय हवं असतं?

आता तीच योगिता टेबलापाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागं बांधून, ओठ घट्ट मिटून. सकू, शेडातली सगळ्यात वयस्कर बाई, "आरं देवा" म्हणून मटकन खाली बसली. रंजनानं पुढं होऊन पट्टी उचलली, चोळून पाहिली. योगिता जागची हलली नाही. पोरीला धक्का बसलाय, रंजनाच्या मनात आलं, आणि तिचं काळीज तुटलं.

शेजारच्या टेबलावर भिवंडीकडच्या एका कंपनीचा माणूस होता, मंगेश नावाचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याच्या पट्टीनं पाणी गटकन प्यायलं. त्यानं मान खाली घातली, पण हसू लपवायला ती पुरली नाही.

"सिस्टर, तुमच्या शेडवर मी स्वतः हीच पट्टी भिजताना पाहिलीय," डॉक्टर गावित हळू आवाजात म्हणाले. "दुसरा डबा आणतो म्हणाल, तर उपयोग नाही. उद्या एखाद्या बाळंतिणीच्या वाट्याला अशी कोरडी आली तर? कारण सांगा. उद्या दुपारी मला अहवाल पाठवायचाय, तोवर थांबतो."

"आमची पट्टी नापास नाही, डॉक्टर. कोणीतरी खोडी केलीय," रंजना म्हणाली. "आणि कोणी केली ते उद्या दुपारच्या आत शोधून काढते."

बोलून गेली खरी. त्या शब्दांचा पुढं तिला फार त्रास झाला.

२

एसटी डेपोजवळच्या टपरीवर चहा सांगितला, पण प्यायची इच्छा कुणालाच नव्हती. सकू पदरानं डोळे पुसत होती. पिंजणाचं काम करणारी रुपी, योगिताच्या वयाची, नखं खात बसली होती. योगिता "डोकं दुखतंय" म्हणून जीपमध्ये जाऊन बसली.

रंजनानं नापास पट्ट्यांतली एक बाकावर काढून ठेवली. पट्टीच्या एका बाजूला काठावर निळा दोरा होता. ती जखमेची बाजू, तीच सभागृहात वर होती. आता ती खाली आणि पाठ वर अशी पडली होती.

"शिस्टरबाय, नजर लागली व्हं," सकू म्हणाली आणि हात उडवताना तिचा चहा लवंडला.

चहा पट्टीच्या पाठीवर पडला. रंजना फडकं घ्यायला उठली आणि अर्ध्यातच थांबली. पुसायला काही उरलंच नव्हतं. पट्टीनं सगळा चहा ओढून घेतला होता आणि फुगून टम्म झाली होती.

तिनं दुसरी पट्टी काढली. निळा दोरा वर ठेवून पाणी टाकलं, ते ओघळून गेलं. उलटी करून टाकलं, तर दिसेनासं झालं. अळवाचं पान आणि नांगरलेली जमीन, दोन्ही एकाच पट्टीत.

तेवढ्यात मंगेश आला. रंजनानं पट्ट्या झटकन पिशवीत कोंबल्या.

"सिस्टर, राग मानू नका. माल तुमचा चांगला असेलही," तो समोरच्या बाकावर टेकत म्हणाला. "पण धंदा असा होत नाही हो. मुठीत तांदूळ धरून शपथा घ्यायच्या आणि बायकांनी गोल बसायचं, हे बचत गटाला ठीक आहे. आता तुमचं संपलंच आहे, तर कृती आम्हाला द्या. मोठ्या यंत्रावर करू, रीतसर."

"आमच्या चुलीत किती लाकडं घालायची ते आम्ही बघू," रंजना म्हणाली. "तुम्ही तुमचा चहा प्या."

तो हसत निघून गेला. रंजनाचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पट्टीची तहान शाबूत होती. कोणीतरी तिचं तोंड बांधून तिला सभेत नेलं होतं.

३

जामसरच्या शेडात पोहोचल्यावर रंजनानं योगिताला घरी पाठवलं. "झोप काढ जा. चेहरा बघ कसा झालाय." आणि दार लोटून कात्री घेतली.

निळ्या दोऱ्याकडची जाळी उसवली. खाली अंबाडीची गादी दिसायला हवी होती. तिच्यावर होता एक पातळ, पांढरा, चकचकीत थर. रंजनानं त्यातली चिमूट ओढून फुंकर मारली. कापूस हवेत उठला, खाली यायचं नाव घेईना.

सावर! उशीत भरतात तो सावरीचा कापूस.

या डोंगरातल्या कुठल्याही पोराला विचारा, सावरीचा कापूस पाणी पीत नाही. चैत्र-वैशाखात बोंडं फुटली की पोरं तो नदीवर सोडतात आणि तो होडीसारखा तरंगत जातो. त्याला बोट लावून बघायचं, बोट ओलं आणि कापूस कोरडा. शहरातला माणूस म्हणेल, कापूस म्हणजे कापूस. इथला माणूस अशी चूक करणार नाही. म्हणजे ज्यानं हे घातलं त्याला पट्टी कोरडीच राहायला हवी होती. मंगेशच्या डोक्यातून हे निघणं कठीण, रंजनानं मनाशी नोंद केली. हात कुणाचा असेल तो इथलाच.

तिनं आधी चंदूला बोलावलं. जीप त्याची, डबा त्याच्या गाडीतून गेला.

"वाटेत कुठं थांबलास?"

"डिझेलला. आन वडापाव घेतला," चंदू म्हणाला. "पन सकूमावशीनं डबा मांडीवरचा खाली ठेवला आसंल तर सांगा! मी म्हनलां, मावशी, पाय मोकळे कर. ती मनाच खेकसली. लेकरू घेऊन बसल्यागत बसली व्हती."

"आणि डबा उघडून बंद केला असेल तर?"

चंदूनं कपाळावर हात मारला. "मावशीच्या मांडीवर? माझी हाडं कोन गोळा करंल?"

तरीही रंजनानं पट्ट्यांच्या कडा एकेक करून बघितल्या. सील मारायच्या मशीनच्या दांडीला एक टवका आहे, त्यामुळं प्रत्येक सीलमध्ये दाण्याएवढी फट राहते. उघडून पुन्हा मारलं तर फटी दोन दिसतील. सगळीकडं फट एकच. म्हणजे रस्त्यात काही झालं नव्हतं. सावर आत गेली ती याच शेडात, सील पडायच्या आधी. चंदू सुटला. उरल्या घरच्या बायका.

सील मारायची सकू. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, काम सगळं बोटांनी.

"माज्याम्होरं थर लावून येत्यात, मी दाबते," ती म्हणाली. "मी कशाला उघडून बघू?"

"या खेपेला हाताला काही वेगळं लागलं?"

सकूनं बोटं एकमेकांवर चोळली. "मऊ व्हत्या. कोंबडीच्या पिलावानी. मना वाटलां, रुपीचा हात सुधारला."

मग ती रंजनाच्या जवळ सरकली. "शिस्टरबाय, आपल्यातलं कोन आसं करील? आपुन कणसरीम्होरं बसलू व्हतू. सगळ्यांनी तांदूळ धरला व्हता."

ते खरं होतं. शेड सुरू करताना कागद करायची गोष्ट निघाली तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, कागद उंदीर खातो. मग दार लावून धान्याच्या देवीपुढं, कणसरीपुढं, बसायचं ठरलं. नवऱ्यांनासुद्धा आत घेतलं नव्हतं आणि आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही असाही शब्द होता. नव्या भाताचे तांदूळ मुठीत धरून प्रत्येकीनं म्हटलं: जोवर ही पट्टी रक्त पिते, तोवर तिची कृती आणि ती घडवणारे हात गावाबाहेर जाणार नाहीत. त्यात रंजनानं एक वाक्य स्वतःहून वाढवलं होतं. पट्टी चार लोकांत नापास झाली, तर जिनं ती घडवली ती मोकळी. योगिता तरुण पोर, फसलेल्या कामाशी तिला जन्मभर कशाला बांधा, एवढाच त्यात भाव होता.

सकू गेल्यावर रंजना पिंजणाच्या ड्रमापाशी गेली. ड्रमाच्या दातांत बोट फिरवलं. बोटाला पांढरा, चकचकीत कापूस लागला.

ड्रम रुपीचा होता.

४

रुपीचं घर ओहोळापलीकडच्या पाड्यावर. उन्हं उतरायच्या आत रंजना तिथं पोहोचली, आणि कुंपणाजवळच थबकली. कुडावर एक उशीची खोळ वाळत घातली होती. रिकामी. रुपीच्या लग्नात सकूनं सावरीची उशी भरून दिली होती, तिचीच ती खोळ.

रुपी नाचणी पाखडत होती. रंजनाला बघून तिच्या हातातलं सूप कललं.

"ड्रमावर सावर कधी पिंजलीस?"

"मी... मी नाय."

"रुपे, तुझ्या उशीतला कापूस कुठं गेला?"

रुपीचा चेहरा पार उतरला. मग ती अशी रडायला लागली की कोंबड्या अंगणातून पळाल्या.

"माज्यामुळंच झालां सगळां! मना वाटलां, मी जाड पिंजला, म्हनून पानी अडला. मी घरी येऊन उरलेला जाळून टाकला. मना शेडातून काढू नका, बाय. माज्या पोरांना घेऊन मना भट्टीवर नाय जायचां."

"आधी नाक पूस. सावर पिंजायला सांगितली कोणी?"

रुपीनं पदराला नाक पुसलं.

"रुपे."

"योगितानं," रुपी म्हणाली. "व्हळीपासनं चाललाय. ती म्हनं, जखमेला चिकटणार नाय आसा थर करायचा, पातळ पिंजला तं पानी त्यातनं खाली जाईल. सावर एकटी ड्रमावर टिकत नाय, निसटती. मंग थोडा वाख मिसळून बघितला, मंग दाबून बघितला. लय खेपा केल्या. झाडाचा कापूस सरला तवा मीच म्हनलां, माजी उशी घे. ती म्हनली, शिस्टरबायला सांगू नको, त्यांना एकदम दाखवू."

रंजना ओट्यावर बसली. आणि मग तिला चक्क हसू आलं. हात्तिच्या! खोडी नाही, दगा नाही, काही नाही. पोरीनं न चिकटणारा थर केला, उतावळेपणानं सभेच्या पट्ट्यांत घातला आणि तो निघाला पाणी अडवणारा. शिकलेली असली तरी वय कोवळं. चूक झाली, भीतीनं बोलली नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडं जायचं, थर काढून दाखवायचा, कान धरायचा, विषय संपला.

तिनं रुपीच्या पाठीवर थाप मारली आणि ती घरी निघाली. वाटेत भाताच्या खाचरांवर धुकं उतरत होतं, आणि किती तरी दिवसांनी रंजना स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती.

घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडाशी नेला आणि तिथंच राहिला.

योगिताच्या खिशात कायम एक ड्रॉपर असतो. नवीन काहीही बनलं की ती आधी त्याच्यावर थेंब सोडते. रुपीनं पिंजलेली मूठ असो की बाजारातून आणलेलं फडकं, एवढंच काय, रंजनाच्या नव्या लुगड्यावरही तिनं एकदा थेंब सोडला होता आणि शिव्या खाल्ल्या होत्या. ही पोर होळीपासून एक थर करते, पुन्हापुन्हा करते, आणि त्याच्यावर एकदाही थेंब सोडत नाही?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. वॉर्डात रंजनानं शेकडो आया पाहिल्या होत्या. मूल खाटेवरून पडलं की आईचे हात आधी पुढं जातात, रडं मागून येतं. सभागृहात पट्टी पडली तेव्हा रंजनाचे हात पुढं गेले होते. सकूनं टाहो फोडला होता. ज्या पोरीनं ती पट्टी घडवली, तिचे हात पाठीमागं बांधलेले होते. तिनं पट्टी उलटून पाहिली नाही, फाडून पाहिली नाही, "थांबा, काहीतरी चुकलंय" एवढंही म्हणाली नाही.

आणि मंगेश! मुठीत तांदूळ धरून शपथा. बायका गोल बसलेल्या. बंद दाराआडचं हे त्याला सांगितलं कोणी?

रंजनानं भाकरी झाकून ठेवली. 

५

सकाळी योगिता शेडामागच्या टाक्यापाशी होती. अंबाडी कुजवायचं ते टाकं आता रिकामं होतं आणि ती उगाचच त्याच्या काठावर बसली होती. शेजारी तिची प्रवासाची बॅग.

"निघालीस?" रंजनानं विचारलं.

"थोडे दिवस मुंबईला जाते, बाई. इथं तोंड दाखवायला..."

रंजनानं पिशवीतून पट्टी काढली, सावरीचा थर ओढून वेगळा केला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"छान झालाय," ती म्हणाली. "एकसारखा. कुठं गाठ नाही. खोडी करणाऱ्याला एवढी कारागिरी लागत नाही, योगिता. तेल चोळलं असतंस तरी पट्टी नापास झाली असती. पण तेलाचा वास येतो, डाग दिसतो. हा थर दिसत नाही आणि पकडलाच तर नवा प्रयोग म्हणून खपतो. असं तुझ्याशिवाय कुणाला सुचणार?"

योगितानं आधी नकाराची मान हलवली. मग ती थांबली. लहानपणी जखम सोडवतानाही ती अशीच आधी मान हलवायची आणि मग हात पुढं करायची.

"रुपीनं सांगितलं?"

"रुपीला वाटतं तिच्या पिंजण्यानं घोळ झाला. कालपासून ती रडतेय. तिची उशी घेतलीस, आणि दोषही तिच्याच माथी जाऊ देणार होतीस."

"मी तिचं नाव घेतलं नसतं."

"घ्यायची गरजच नव्हती. ती स्वतःहून मरत होती."

योगितानं मांडीवरचा थर बाजूला ठेवला. मग बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेना. मंगेशची कंपनी तिला प्रयोगशाळा देणार होती. इथं दिवसाकाठी टोपलीभर पट्ट्या होतात, तिथं गाडीभर होतील. "जखमा काय फक्त जामसरमध्ये होतात, बाई? आणि मी किती वर्षं या टाक्याच्या वासात काढायची? कोणी आजारी पडलं तरी योगिता, मशीन बंद पडलं तरी योगिता. मला जायचं होतं."

"मग जायचंस."

"कशी? तांदूळ धरला होता ना मी." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला वाटतं मुंबईला शिकले म्हणून मला काही वाटत नाही? माझी आई इथं राहते. कणसरीपुढं दिलेला शब्द मोडून मी कुठं जगले असते? मी आण मोडलेली नाही, बाई. पट्टी चार लोकांत नापास झाली. तुम्हीच म्हणाला होतात, मग घडवणारी मोकळी."

रंजनाला वाटलं, कुणीतरी छातीवर पाय दिला. मायेनं वाढवलेलं ते एक वाक्य. पोरीला कधी अडकून पडायला नको म्हणून केलेली ती खिडकी. त्याच खिडकीतून ही सगळं घर घेऊन बाहेर पडली होती, आणि वर देवीला सांगत होती की दार मी उघडलंच नाही.

"आण मोडणाऱ्याला निदान पाप कळतं," ती म्हणाली. "तू तर हिशेब केलास देवीशी. सकू भट्टीवर गेली असती. एका डोळ्यानं विटा थापल्या असत्या तिनं. ते तुझ्या हिशेबात नव्हतं?"

"मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मला सोडलं असतं?"

रंजनानं स्वतःलाच विचारून पाहिलं. सोडलं असतं का? रडून, भांडून, शेवटी सोडलं असतं? की शब्दाला धरून बसवून ठेवलं असतं?

"ते आता कधीच कळायचं नाही," ती म्हणाली. "तू विचारलंच नाहीस. माझ्याबद्दल तू स्वतःच ठरवून मोकळी झालीस, याचंच जास्त लागलंय मला."

बाहेर चंदूनं हॉर्न वाजवला. जव्हारला निघायची वेळ झाली होती. योगितानं बॅग उचलली. जव्हारहूनच तिला ठाण्याची एसटी धरायची होती, आणि पाड्यावरून दुसरी गाडी नव्हती. त्या दोघी एकाच जीपमध्ये बसल्या, मध्ये सकू आणि रुपी. 

६

जव्हारच्या सभागृहात डॉक्टर गावितांनी स्वतःच्या हातानं निळ्या दोऱ्याकडची जाळी उसवली, सावर काढली आणि पिचकारी दाबली. लाल पाणी पडलं तसं आत गेलं. त्यांनी आणखी सोडलं, आणखी सोडलं. वर वजन ठेवून दाबून पाहिलं, तरी एक थेंब परत आला नाही. चुकीचा एक थर आत गेला, बाकी पट्टी पहिल्यासारखीच आहे, हे त्यांना पटलं. डब्यातल्या बाकीच्या पट्ट्याही त्यांनी तशाच उसवून तपासल्या.

"आणि हा थर चुकून गेला की कुणी घातला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल तुम्ही म्हणाला होतात, खोडी आहे. कोणाची ते सांगणार होतात."

 सकू दाराच्या चौकटीला टेकली. तिला जीपमध्येच काहीतरी कळलं असावं, ती सकाळपासून योगिताकडं बघत नव्हती.

"म्हणाले होते," रंजना म्हणाली. "पण ते घरातलं आहे, डॉक्टर, घरातच मिटवलं. पुन्हा होणार नाही, एवढा शब्द माझा."

डॉक्टरांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. सिस्टरबाईनं दिलेला शब्द आणि तिचा उतरलेला चेहरा यांत त्यांनी शब्द घ्यायचं ठरवलं. त्यांनी फॉर्म पुढं ओढला.

"ठीक आहे. मी पास लिहितो. पण आता दर खेपेची जबाबदारी एका माणसावर हवी. माल बिघडला तर मी त्याला विचारणार. पट्टी कुणी घडवली आणि कोण बघणार, दोन्हीला एकच नाव घालू ना?"

"यो..." रंजना म्हणाली.

इतक्या वर्षांची जिभेची सवय. कुणी काहीही विचारलं की आधी तेच नाव यायचं. तिनं ओठ मिटले.

"घडवणारी म्हणून जामसरच्या बायका असं लिहा. बघणारी रुपी. रुपी दिघा."

रुपी दचकली. "मी? बाय, मना येतां का?"

"रडत बसण्यापेक्षा शिकशील."

बाहेर आल्यावर सकूनं रुपीला मिठी मारली आणि दोघी हसायला-रडायला लागल्या. चंदूनं विनाकारण हॉर्न वाजवला. सगळ्यांना कळलं, या वर्षी ट्रक भरायचा नाही. रंजनाही हसली. खरंच बरं वाटलं होतं तिला, नाही असं नाही.

पायऱ्यांच्या टोकाशी योगिता उभी होती, बॅग पायाशी. डेपोत तिची एसटी लागली होती, तरी ती गेली नव्हती. रंजना तिच्या बाजूनं खाली उतरायला लागली तशी ती पुढं आली.

"बाई," ती कुजबुजली, "माझं नाव सांगितलंत?"

"नाही," रंजना म्हणाली. "तुझं नाव मी कुठंच येऊ दिलं नाही."

योगितानं सुटकेचा श्वास सोडला. त्या बोलण्याचा पुरता अर्थ तिला उमगला तोवर रंजना जीपमध्ये जाऊन बसली होती आणि चंदूनं गाडी चालू केली होती.